दार मिटलं की जोड दिसायचा नाही, तिथं फरशी बदला

यावेळच्या पत्रांत निम्म्याहून जास्त फरशीचीच आहेत, त्यामुळं रंग, वायरिंग आणि गच्चीच्या टाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, रागावू नका. पहिल्या पत्राचं उत्तर लांबणार आहे. त्यात जे विचारलंय ते घर बांधणाऱ्या प्रत्येकालाच सुचतंय, फक्त फरशी बसून झाल्यावर सुचतंय.

प्रश्न : काका, नमस्कार. वडगावात ३० बाय ४० च्या प्लॉटवर आमच्या घराचं काम चाललंय. आतलं प्लास्टर झालं, पुढच्या आठवड्यात फरशीला हात घालणार. हॉल आणि डायनिंगला २ बाय ४ ची व्हिट्रिफाइड, आमच्या बेडरूमला लाकडासारखं लॅमिनेट (ही माझी हौस), देवघराला पांढरा मार्बल, आणि किचनला सासूबाई म्हणतात कोटा दगडाची फरशीच पाहिजे, टाइलवर पाय घसरतो. किचन आणि डायनिंगच्या मधे दार नाही, नकाशा सोबत जोडलाय. गवंडी गोकाकच्या बाजूचा आहे, हात चांगला आहे त्याचा, पण कुठली फरशी कुठं संपवणार विचारलं की "आगतैती अक्का, आगतैती" (होतंय, होतंय) एवढंच म्हणतो. मालक म्हणतात ते गवंड्याचं काम, तू कशाला डोकं घालतीस. हे चार प्रकार एकमेकांना नेमके कुठं भेटवायचे? मधे पितळी पट्टी घालू का? सासूबाई ७४ च्या आहेत, त्यांना ठेच लागायला नको. आणि इन्स्टाग्रामवर षटकोनी टाइल लाकडात विरघळत गेलेली दाखवतात, तशी करू का?
– एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर : ताई, डोकं घातलंत ते बरं केलंत, अजून घाला. गवंडी कितीबी चांगला असला तरी त्याला तुमच्या घरात राहायचं नसतंय. अख्खी टाइल जिथं संपली तिथं तो दुसरी फरशी चालू करतोय, तुकडा कापायचा वाचला म्हणून, आणि मग ती दोन-चार बोटांची पट्टी आयुष्यभर तुमच्या डोळ्यासमोर. आमच्याच घरात आहे की. आमच्या बेडरूमचं दार आधी आत उघडणार होतं, नंतर कपाट आडवं येतंय म्हणून सुताराला सांगून हॉलकडं उघडणारं करून घेतलं, पण तोवर फरशी बसली होती. आता पलंगावर पडलं आणि दार मिटलं की दाराच्या आतल्या अंगाला हॉलची पांढरी टाइल चार बोटं बेडरूममध्ये आलेली दिसते. बारा वर्षं झाली. बाकी कुणाच्या लक्षात येत नाही, मला रोज दिसते.

म्हणून दार असेल तिथं जोड दाराच्या फळीच्या बरोबर खाली. दार मिटल्यावर हॉलमधनं फक्त हॉलची फरशी दिसली पाहिजे आणि आतनं फक्त आतली. आता "खाली" म्हंजे कुठं ते मोजून सांगतो, कारण गवंड्याला "दारात घे" म्हटलं की तो चौकटीच्या मधोमध घेतो आणि तिथं ते चुकतंय. तुमची चौकट ५ इंची धरली तर ती १२५ मिमी खोल. फळी ३५ मिमी जाड. दार बेडरूममध्ये उघडत असेल तर फळी चौकटीच्या बेडरूमकडच्या खाचेत बसते, म्हणजे फळीचा मध्य बेडरूमकडच्या कडेपासून १७ मिमीवर आला. मग हॉलची टाइल हॉलकडच्या कडेपासून १०८ मिमी, साधारण सव्वाचार इंच, चौकटीत आत शिरली पाहिजे. चौकट ४ इंची असेल तर सव्वातीन इंच. दार हॉलकडं उघडत असेल तर सगळा हिशोब उलटा. त्यामुळं आज संध्याकाळी नकाशाची झेरॉक्स घ्या, प्रत्येक दारापुढं ते कुठं उघडणार त्याचा बाण काढा, आणि सुतार आणि गवंडी दोघांना एकाच वेळी समोर उभं करून दाखवा. एकेकट्याला दाखवून उपयोग नाही, दोघं एकमेकांवर ढकलतात.

जोड कुठं हे ठरलं तरी अर्धंच काम झालं. तुमचे चार माल चार जाडीचे आहेत. २ बाय ४ ची टाइल ९ मिमी, लॅमिनेट ८ आणि त्याखालचा फोम २ असं १०, मार्बल १८, आणि कोटा २५ च्या आसपास. सगळीकडं खालचा माल (सिमेंट-वाळूचा थर) सारखाच घातला तर किचन हॉलपेक्षा १६ मिमी वर येणार, पाऊण इंचाला थोडं कमी, आणि सासूबाईंची ठेच तिथंच ठरलेली. म्हणून उलटीकडनं यायचं. वरची पातळी सगळ्या घराला एकच आणि खालचा माल कमी-जास्त. समजा खालच्या काँक्रीटपासून तयार फरशीपर्यंत ५० मिमी धरलं, तर टाइलखाली ४१, मार्बलखाली ३२, कोट्याखाली २५, आणि लॅमिनेटच्या खोलीत ४० मिमीचा कोबा, घोटून आरशासारखा सपाट. हे चार आकडे कोळशानं त्या त्या खोलीच्या भिंतीवर मोठे लिहून ठेवा, रंग लागायचाच आहे अजून.

आणि कॅटलॉगमधल्या जाडीवर जाऊ नका. दुकानातनं चारही सॅम्पल आणा, पाटावर शेजारी शेजारी ठेवा, पट्टीनं मोजा आणि डोळे मिटून वरनं तळहात फिरवा, काय ते कळतंय. कोट्याचं तर एका गाडीत दोन लाद्या सारख्या जाडीच्या निघत नाहीत, तो खाणीचा दगड, त्यामुळं सगळ्यात जाड लादी निघेल ती धरून हिशोब करा.

पातळी एकच ठेवायची तर सगळ्या खोल्यांत लाइन मारून घ्यायला लागते, तयार फरशीपासून बरोबर १ मीटर वर, पाण्याच्या नळीनं. लेझर असला तर उत्तम, पण नळी काय वाईट नाही, माझा तिच्यावर जास्त विश्वास आहे. फक्त नळीत बुडबुडा राहिला तर ती खोटं बोलते. आधी दोन्ही टोकं एकत्र धरून पाणी सारखं येतंय का बघायचं आणि मगच एक माणूस हॉलमध्ये, एक बेडरूममध्ये. हे काम चालू असताना तुम्ही तिथं चहा घेऊन उभ्या राहा.

सासूबाईंच्या बाबतीत एक सांगतो. जुन्या घरातला सहा इंचाचा उंबरा ओलांडताना म्हातारी माणसं सहसा पडत नाहीत, कारण तो दिसतो आणि पाय आपोआप उचलला जातो. पाडतो तो ४-५ मिमीचा फरक, जो डोळ्याला दिसत नाही आणि अंगठ्याला बरोबर सापडतो. तेव्हा एकतर सपाट करा नाहीतर चांगला दिसेल असा करा. मधलं काही नको. अगदीच दोन-तीन मिमी राहिले तर उंच बाजूची कड घासून गोल करून घ्या.

आता किचन. नकाशात डायनिंग आणि किचनच्या मधे वर बीम दिसतोय, तिथंच जोड घ्या, बीमच्या किचनकडच्या कडेच्या बरोबर खाली, ओळंबा सोडून. वर रेघ आहे म्हणून खालची रेघ डोळ्याला पटते. पण त्याआधी डायनिंग टेबल कुठं येणार ते जमिनीवर खडूनं काढा आणि खुर्ची मागं सरकवून उठायला टेबलाच्या कडेपासून ३ फूट सोडा. तेवढ्यात जोड येत असला तर टेबल हलवा, जोड बीमखालीच राहू दे. नाहीतर रोज जेवून उठताना खुर्चीचे मागचे पाय कोट्यावर आणि पुढचे टाइलवर, मधे कर्र कर्र. ओट्यापुढं उभं राहायची जागासुद्धा सगळी एका फरशीवर पाहिजे, भाकऱ्या थापताना एक पाय थंड आणि एक गुळगुळीत असं नको.

कोटा घसरत नाही हे सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. कमी पॉलिशचा कोटा घसरत नाही, आरसा पॉलिश केलेल्या कोट्यावर पाणी सांडलं की तोही टाइलइतकाच घसरतो. तर पॉलिशवाल्याला आधीच सांगा, शेवटचे हात मारू नको. आणि कोटा चुनखडीचा दगड आहे, लिंबू, चिंच, आमसूल पडून राहिलं की पॉलिश खातंय. मार्बलही त्याच जातीचा. यात गवंड्यांची एक वाईट सवय आडवी येते, ती म्हणजे टाइलच्या फटीतला ग्राउट भरून झाला की हॉल ॲसिडनं धुवायचा. ते ॲसिड ओघळून जोडापलीकडं कोट्यावर गेलं की तिथं पांढरट डाग पडतोय आणि तो पुसून जात नाही, परत मशीन मारायला लागते. तुमच्या घरात ॲसिडची बाटली येऊच देऊ नका, ग्राउट ओला आहे तोवर स्पंजनं पुसून घ्यायचा.

कामाचा क्रम पण जोडावर परिणाम करतोय, हे सहसा कुणी सांगत नाही. कोटा आणि मार्बल जागेवर बसवून मशीननं घासतात, त्यात दगड एक-दीड मिमी झिजतो आणि घरभर राडा होतो. टाइल आधी बसली असली तर मशीन जोडापर्यंत नेता येत नाही, टाइलची चकाकी जाते, मग पॉलिशवाला चार बोटं अलीकडंच थांबतोय आणि कड तशीच उंच राहते. म्हणून आधी कोटा आणि मार्बल, तेवढा एक-दीड मिमी वर ठेवून, जोडाच्या रेघेवर लाकडी पट्टी ठोकून. ते घासून झालं की पट्टी काढून त्याच्या शेजारी टाइल. लॅमिनेट सगळ्यात शेवटी, रंग आणि दारं झाल्यावर. ४० मिमीचा नवा कोबा वाळायला महिना तर जाऊ द्याच, पावसाळ्यात जास्त. वाळला का ते बघायला हातभर प्लॅस्टिकचा कागद कोब्यावर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं चिकटवून एक दिवस-रात्र ठेवा, खालनं दव धरलं तर थांबा. तुमचं बेडरूम खालच्या मजल्यावर आहे म्हणून एवढं सांगतोय, आणि फोमखाली प्लॅस्टिक शीट पण घालाच.

पितळी पट्टी. घाला, छान दिसते, पण फक्त कोटा आणि टाइलच्या मधे, आणि टाइल बसवतानाच त्याच मालात बसवलेली. नंतर गमनं चिकटवलेली पट्टी केर काढताना निघून हातात येते. काळी पडेल, समयीबरोबर तिलाही घासायची तयारी ठेवा. लॅमिनेटला मात्र पितळी पट्टी चालत नाही. ते लाकडाचा भुसा दाबून केलेलं असतंय, हवेतल्या ओलीनं फुगतं आणि उन्हाळ्यात आखडतं, त्यामुळं चारी बाजूंनी ८ ते १० मिमी मोकळी जागा सोडायलाच लागते, दारातसुद्धा. त्या जागेवर वरनं झाकणारी टी आकाराची पट्टी येते, ॲल्युमिनियमची. ती दोन-तीन मिमी वर असते, गोल असते, पायाला लागत नाही, पण दाराला लागते! सुताराला सांगून फळीखाली ८ मिमी फट ठेवा, नाहीतर गृहप्रवेशादिवशी दार अडकून बसणार.

देवघराचं तुम्ही एका ओळीत लिहिलंय पण सगळ्यात जास्त चुका मी तिथंच बघितल्यात. देवघर ३ बाय ३ चं कोनाड्यासारखं आहे, दार नाही. सगळे जोड भिंतीच्या रेघेत घेतात, नकाशात नीट दिसतंय म्हणून. आता मला सांगा, पूजेला बसणार कुठं? बाहेर. पाट कुठं येणार? निम्मा मार्बलवर, निम्मा टाइलवर, बरोबर जोडावर, आणि तो डुगडुगणार, आणि तुमचं सगळं लक्ष अथर्वशीर्षाऐवजी पाटाकडं. मार्बल भिंतीच्या रेघेपासून दोन-अडीच फूट बाहेर आणा, पाट अख्खा त्यावर बसेल एवढा, आणि तिथं सरळ रेघेत संपवा. पांढऱ्या मार्बलवर हळद आणि तेल शोषलं जातंय, ते डाग मात्र निघत नाहीत. समईखाली ताट ठेवा.

दोन वेगळे माल एकमेकांना घट्ट भिडवू नका, ३ मिमी सोडून त्यात सिमेंट न भरता रंग मिळवून सिलिकॉन भरा. सिमेंटचा जोड वर्षाभरात केसासारखा तडकतो. आणि टाइल घेताना सगळ्या खोक्यांवरचा बॅच आणि शेड नंबर एकच आहे का बघा, शंभराला आठ-दहा टाइल जास्त घ्या. आम्हाला एका दुकानदारानं कमी पडलेली पाच खोकी नंतर आणून दिली, "तोच माल साहेब" म्हणून, आणि दुपारच्या उन्हात हॉलचा तो कोपरा वेगळा दिसतो तो दिसतोच.

तुम्ही शेवटी विचारलंय की इन्स्टाग्रामवर दाखवतात तशी षटकोनी टाइल लाकडात विरघळत गेलेली करू का. नको. लॅमिनेटला भोवती मोकळी जागा लागते हे वर सांगितलं, षटकोनाच्या प्रत्येक दात्याभोवती ती कुठनं सोडणार, आणि वर पट्टी कसली घालणार? व्हिडिओत ते पहिल्या दिवशीचं असतंय.

प्रश्न : जांबोटी रस्त्याला आमचं आजोबांचं चिऱ्याचं घर आहे, दुरुस्ती काढलीय. पुढच्या पडवीला खानापूरकडची मातीची लाल टाइल आणि सोप्यात वुडन फ्लोअरिंग करायचा विचार आहे, होमस्टेसाठी. दोन्हीच्या मधे जुना सागवानी उंबरा आहे, गवंडी म्हणतो काढूया. काढू का?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : उंबऱ्याला हात लावू नका, तुमचा जोड तोच आहे, फुकटचा आणि आयता. लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू कुठं वाहणार मग?

पण आतलं लॅमिनेट रद्द करा. तुमच्याकडचा जून ते सप्टेंबरचा पाऊस बेळगाव शहरातल्या पावसासारखा नाही, चिरा पाणी ओढून घेणारा दगड, आणि पाहुणे ओल्या पायानं थेट सोप्यात येणार. पहिल्याच पावसाळ्यात कडा फुगतील. लाकडासारखी दिसणारी टाइल मिळते ती घाला, किंवा सोप्याला लाल कोबाच करा, त्या घराला तोच शोभतो.

पडवी उंबऱ्याच्या आतल्या फरशीपेक्षा एक इंच तरी खाली पाहिजे आणि अंगणाकडं फुटाला एक सूत (इंचाचा आठवा भाग) उतार, म्हंजे ६ फुटी पडवीला पाऊण इंच. मातीच्या टाइलवर तुमच्या पावसात शेवाळ धरणार, चकचकीत सीलर लावू नका, त्यानं अजून घसरतं. उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना ५ मिमी सोडून सिलिकॉन. सिमेंट थेट सागवानाला भिडवलं की तिथंच ओल साठून लाकूड कुजायला लागतंय, आणि आजोबांनी घातलेला उंबरा तुमच्या हातनं जाईल.

प्रश्न : निपाणीत जुनं घर आहे. हॉलच्या शहाबादीवरच नवी टाइल चिकटवायची, शेजारच्या खोलीत शहाबादी तशीच ठेवायची. जोडाला काय करू?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : टाइल ८ मिमी आणि खालचं ॲडहेसिव्ह ४, म्हणजे हॉल १२ मिमी वर येणार, जवळजवळ अर्धा इंच. दारात चार इंच रुंद ग्रॅनाइटची पट्टी उतरती घासून घ्या आणि सगळ्या दारांच्या फळ्या खालनं रंधून घ्यायला लागतील तो खर्च धरा, पुढच्या दाराची सुद्धा. त्याआधी नाण्यानं प्रत्येक शहाबादी वाजवून बघा, पोकळ वाजली तर तिच्यावरची टाइल सुटणार.

विचारलं नाहीत तरी सांगतो. शहाबादी आपल्याच कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातला दगड, तुमच्या हॉलचे फोटो बघितले, एकही लादी फुटलेली नाही. घासून घ्या आणि टाइलचे पैसे वाचवा. मग जोडाचा प्रश्नच नाही.

प्रश्न : बाथरूमच्या दारात ग्रॅनाइटची उभी पट्टी घालावी असं सगळे म्हणतात, पण वडील वॉकर घेऊन चालतात. पट्टीशिवाय पाणी बाहेर येणार नाही असं काही करता येतं का?
– एक वाचक, चिकोडी

उत्तर : येतं. पाणी पट्टी अडवत नसते, उतार अडवतो. बाथरूम ८ फूट लांब आहे म्हणता, तर दारापासनं लांबच्या भिंतीपर्यंत फुटाला एक सूत धरून पूर्ण १ इंच उतार द्या, शॉवर आणि जाळी त्या लांबच्या टोकाला घ्या, दाराजवळ नळ ठेवू नका. दारात ग्रॅनाइटची पट्टी घालाच, चौकटीएवढी रुंद, पण आडवी आणि बाहेरच्या फरशीला सपाट, जोड तिच्यात लपतो. आत १ बाय १ ची खरखरीत टाइल घ्या, मोठी टाइल उताराला नीट बसत नाही. फरशी झाल्यावर गवंड्याचे पैसे द्यायच्या आधी एक बादली दारात उभं राहून आत ओता आणि दहा मिनिटांनी पाणी कुठं थांबलंय ते बघा. दाराजवळ थांबलं असेल तर त्याला तिथंच दाखवा, फोटो काढून नंतर नको.